उंबऱ्यावरचं पाणी

२८ नोव्हेंबर

ऑग्न्यान जेवायला बसला की विचारायचा, “बोल बिसेरा, आज कोणाचे आभार?” आणि उत्तर मिळेपर्यंत मला पावाला हात लावू द्यायचा नाही. तो जाऊन चार वर्षं झाली. आता विचारणारं कोणी नाही, म्हणून ही वही. सासूबाई विचारत नाहीत, त्या फक्त वाढत राहतात.

तर आज आभार प्रसूतिगृहातल्या त्या पोरसवदा बाईचे. माझ्या कागदावर सही करण्याआधी तिने मला चांगलं फैलावर घेतलं.

“माझ्या नाळेचं करणार काय तुम्ही?”

“तिच्यातली रक्तवाहिनी सोडवून घेणार, तिच्या बारीक कड्या कापणार, आणि त्या दोन तारांवर ताणून कोमट खारट पाण्यात ठेवणार.”

“आणि मग?”

“पाण्यात कॅल्शियम असेल तर कडी आवळते. नसेल तर ढिली पडून राहते. वाहिनीच्या भिंतीत स्नायूच्या पेशी असतात. त्यांना हे कॅल्शियम कळतं कसं आणि किती, ते मी बघते.”

“माझ्या बाळाला ह्याचा काय उपयोग?”

“काहीच नाही,” मी खरं ते सांगून टाकलं. “पण एखादीचा रक्तदाब बाळंतपणात चढतो, तिला पुढेमागे होईल कदाचित.”

“मग घ्या,” ती म्हणाली. “नाहीतरी मी तिची काय लोणची घालणार होते?”

प्लेव्हेनच्या ह्या प्रसूतिगृहात मला कोणी उभं करत नव्हतं. सासूबाई, म्हणजे त्सोनाबाई, इथे आयुष्यभर सुईण होत्या. त्यांनी शब्द टाकला म्हणून इथल्या बाया मला नाळ ठेवतात, बाळ झालं की लगेच फोन करतात. हेही आभारातच धरायला हवं. पण त्यांना तोंडावर म्हटलं तर म्हणतील, “आधी जेव.”

इथली माझी जागा फेब्रुवारीत संपते. पाच डिसेंबरला सोफियाला मुलाखत आहे. मिळाली तर मिळाली, नाहीतर रक्तवाहिन्या सोडून मला शाळेत शिकवावं लागेल. मुलं मला आवडतात, पण तीस-तीस एकदम नाही.

३० नोव्हेंबर

पाणी शुद्ध करायचं आमचं यंत्र बंद पडलं. दुरुस्तीवाला म्हणे नवीन वर्षात येईल. तोवर बाहेरून मागवलेला शुद्ध पाण्याचा एकच मोठा डबा. मी त्यावर “हात लावू नये” अशी चिठ्ठी चिकटवली.

वेल्को म्हणाला, “कोणासाठी ही चिठ्ठी? इथे तू आणि मी दोघंच.”

“तुझ्यासाठीच.”

वेल्को माझ्याच खोलीत बसतो. आतड्यांवर काम करतो आणि बोलतोही साधारण त्याच अंगाने. सासूबाई दर आठवड्याला गावाबाहेरच्या झऱ्याचं पाणी कॅनमध्ये भरून आमच्या चहासाठी आणून देतात, कारण नळाच्या पाण्याला त्यांच्या मते नळाची चव येते. किटलीच्या आत त्या पाण्याने पांढरा थर धरलाय. वेल्को म्हणतो, “तुझ्या सासूचा चहा चावून प्यावा लागतो.” पितो मात्र सगळा.

२ डिसेंबर

सासूबाईंनी यंदा भाज्यांचं लोणचं निम्मंच घातलंय, हे आज तळघरात गेले तेव्हा दिसलं. विचारलं तर म्हणाल्या, “कोण खाणार एवढं?” मी म्हटलं, मी खाते की. त्यावर त्या कांदा चिरत राहिल्या. मग विचारलं, “सोफियात भाड्याच्या घरांना खोल्या किती असतात गं?” मी म्हटलं, माझ्यासारखीला एक मिळाली तरी देव पावला. कांदा फार तिखट होता बहुतेक, त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती.

५ डिसेंबर, सोफियाच्या गाडीत

सकाळी नाळ आली म्हणून आधी प्रयोगशाळेत गेले, कड्या कापून थंडात ठेवल्या आणि तिथूनच स्टेशनवर निघणार होते. मागच्या खोलीत कपडे बदलत होते तेवढ्यात सासूबाई हजर. एका हातात चहाच्या पाण्याचा कॅन, दुसऱ्या हातात चीज भरलेल्या पापुद्र्यांची गरम बानित्सा, काखेत त्यांची ती तांब्याची छोटी बादली आणि बादलीत जिरेनियमची काडी. पन्नाशीकडे निघालेल्या बाईला परीक्षेला धाडल्यासारखं!

बाहेर आले तर बादली काठोकाठ भरलेली. मी उंबऱ्याजवळ पोचायच्या आत त्यांनी ती पालथी केली. सगळं पाणी माझ्या चांगल्या बुटांवर.

“आई! अहो, हे काय घर आहे?”

“तुझ्याच कामाचं पाणी आहे, पायाखालून जाऊ दे. पाणी जसं वाहतं तसं काम होऊ दे तुझं. जा आता. मागे वळू नकोस.”

मी चडफडत बाजूने गेले. वळले नाही, पण कॉरिडॉरच्या टोकाच्या काचेत दिसलं, त्या रिकामा कॅन हातात धरून तशाच उभ्या होत्या. मोजे अजून ओले आहेत. बानित्सा मात्र फार सुंदर झाली होती.

७ डिसेंबर

मुलाखत ठीक झाली, ठीकच. प्रोफेसर काराइवानोवा कडक बाई. माझे आलेख बघून म्हणाल्या, “नीटनेटकं काम आहे. पण ह्यात मला माहीत नाही असं काय आहे?” मी आलेख गोळा केले. निर्णय जानेवारीअखेर. तोवर नवीन काही सापडलं तर कळवा म्हणाल्या, म्हणजे तसं सापडणार नाही हे गृहीत धरून.

आज येऊन बघते तर किटली कोरडी आणि चहाला पाण्याचा थेंब नाही. वेल्कोला विचारलं, अख्खा कॅन एकट्याने ढोसलास का? तो म्हणाला, कॅन त्याने पाहिलाच नाही. खोटारडा.

काल संत निकोलसाचा दिवस होता. माझ्या वाट्याचा मासा सासूबाईंनी झाकून ठेवला होता. स्वतः खाल्ला नव्हता. “एकटीने कसला सण?” म्हणाल्या. आभार, अर्थातच.

११ डिसेंबर

झोपायच्या आधी लिहून ठेवते.

नेहमीप्रमाणे कड्यांना कॅल्शियम नसलेल्या पाण्यात धुतलं आणि आवळायला लावणारं औषध घातलं. अशा वेळी काय होतं ते पुस्तकात आहे: पेशीच्या पोटात थोडं कॅल्शियम साठवलेलं असतं, त्यावर कडी क्षणभर आवळते आणि सोडून देते. बाहेरून नवं कॅल्शियम आल्याशिवाय तिला धरून ठेवता येत नाही. आत आलेलं कॅल्शियम एका प्रथिनाला चिकटतं, ते प्रथिन दुसऱ्याला उठवतं, तेव्हा कुठे स्नायूचे धागे ओढायला लागतात.

माझ्या कड्यांनी सोडलं नाही. ताण दाखवणारी यंत्रावरची रेघ वर चढली आणि वरच राहिली. नेहमीच्या निम्म्या जोराने, पण राहिली. चारही कड्या. बाहेर कॅल्शियम नसताना!

घरी येऊन सासूबाईंना मिठीच मारली. त्या घाबरल्या. “काय झालं?” म्हटलं, “काम वाहायला लागलं, आई.” त्यांचा चेहरा असा काही फुलला! मग लगेच विचारलं, “म्हणजे आता सोफिया नक्की?” आणि उत्तर न ऐकताच भांडी घासायला गेल्या.

आभार: त्या अनोळखी बाईचे, तिच्या नाळेचे, आणि (हसू नकोस ऑग्न्यान) ओल्या बुटांचे.

१३ डिसेंबर

नवीन नाळ, नवीन कड्या, तेच. माझ्या मते ह्या पेशींना आतल्याच जुजबी कॅल्शियमवर तग धरून ओढता येतं. म्हणजे कॅल्शियम कमी असलं की पेशींना त्याची जाण वाढते, त्या थोड्यावरच भागवतात. हे अगदीच नवं नाही, पण इतक्या वेळ कोणी दाखवलेलं नाही.

वेल्कोने पाचर मारलीच. “पाण्यातलं कॅल्शियम मोजलंस?”

“शुद्ध पाणी आहे. काय मोजायचं त्यात?”

“मग कॅल्शियम पकडणारा तो क्षार जरा जास्त घाल. थोड्याने काय होतं?”

“जास्त घातला की पेशी एकमेकींना सोडतात. तुझ्या आतड्यांना चालत असेल.”

“मला आपलं वाटलं,” तो म्हणाला आणि शिट्टी वाजवत निघून गेला. मत्सर, दुसरं काय?

१८ डिसेंबर

राहवलं नाही. काराइवानोवांना आलेख पाठवले. संध्याकाळी त्यांचाच फोन! “हे मला माहीत नव्हतं,” एवढंच म्हणाल्या, पण त्या बाईच्या तोंडून! सतरा जानेवारीला त्यांच्या सगळ्या विभागासमोर बोलायचंय. आनंदाच्या नुसत्या उकळ्या फुटतायत.

सासूबाई म्हणाल्या, बहिणीचं पत्र आलंय, गावाला तिच्याकडे राहायला ये म्हणते. मी म्हटलं, जा की, तुम्हालाही बदल होईल. किती समजूतदार आहे त्यांची बहीण.

२४ डिसेंबर

आज नाताळची आदली रात्र, पावात शकुनाचं नाणं होतं. सासूबाईंनी नेहमीसारखे तुकडे मोडले: देवमातेला, घराला, ऑग्न्यानला, मला, स्वतःला. नाणं घराच्या तुकड्यात निघालं. मला वाटलं त्यांना आनंद होईल. त्या म्हणाल्या, “घराला काय करायचंय नाणं? घरात माणूस नको का?” आणि ते माझ्या ताटलीत सरकवलं.

८ जानेवारी

जुना डबा तळाला गेला, नवीन आला. नवीन पाण्यात कड्या आवळल्या, सुटल्या आणि पडून राहिल्या. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे.

९ जानेवारी

पुन्हा तेच. औषध बदललं. नाळ बदलली. तारा बदलल्या. वेल्कोवर ओरडले की त्याने माझी काचेची भांडी वापरली. त्या बिचाऱ्याने जुन्या डब्यातलं तळाचं पाणी बाटलीत काढलं आणि म्हणाला, “दे इकडे. मी मोजून आणतो.”

१० जानेवारी

जुन्या डब्यात कॅल्शियम होतं. माझा क्षार सगळा पकडून दमला तरी उरेल, एवढं होतं. कड्यांनी जादू केली नव्हती. त्यांना पाण्यात कॅल्शियम सापडलं आणि त्यांनी आपलं काम केलं. खोलीत एवढी शहाणी मी, आणि खरं बोलत होत्या त्या फक्त कड्या.

कुठून आलं, कळत नाही. डबा पाठवणाऱ्यांना फोन केला, खूप बोलले. त्यांनी थंडपणे सांगितलं की त्याच खेपेतलं पाणी बाकी सगळीकडे ठीक निघालंय.

सतराला आठवडा राहिलाय. कोणाला कळणार नाही, असाही विचार येऊन गेला. येऊन गेला हे लिहून ठेवते. वेल्कोचे आभार. त्याने एकदाही “मी म्हटलं नव्हतं?” असं म्हटलं नाही.

११ जानेवारी

डोक्यात राख घालून घेतली होती, काहीतरी घासायला हवं होतं, म्हणून घरच्या स्वयंपाकघरातली किटली घेतली. आत तोच पांढरा थर, बोटभर. व्हिनेगर ओतलं. थर फसफसायला लागला आणि मी बघत उभी राहिले. हे सगळं कॅल्शियमच की. सासूबाईंच्या झऱ्याचं.

मग एकेक आठवत गेलं. काठोकाठ बादली. “तुझ्याच कामाचं पाणी.” हातातला रिकामा कॅन. कोरडी किटली.

त्या पलीकडे विणत बसल्या होत्या. मी विचारलं, “आई, मी निघाले त्या दिवशी बादलीत पाणी कुठलं भरलंत?”

“तुझ्या त्या मोठ्या डब्यातलं. ज्या कामाला माणूस निघालं त्याचंच पाणी ओतावं. नाहीतर मी तेवढी बादली कशाला वाहून आणू?”

“आणि मग?”

“मग काय? तुझं पाणी कमी पडायला नको म्हणून माझं ओतलं त्यात. अख्खा कॅन. तुझं ते बेचव असतं, मी चाखून बघितलं. माझं चांगलं झऱ्याचं.”

मी खुर्चीत बसले. त्या पाण्याने काय झालं ते त्यांना सांगितलं, जमेल तितक्या हळू आवाजात. वाटलं होतं हसतील किंवा वाद घालतील. त्यांच्या सुया थांबल्या, चेहरा पांढराफटक पडला.

“बिसेरा, माझ्या पोराची शपथ. तू जाऊ नयेस म्हणून मी नाही गं केलं. वाटायचं मला, रोज वाटायचं, की जाऊ नकोस. पण पाणी मी तुझ्या चांगल्यासाठीच ओतलं. मनापासून.”

असं काही माझ्या मनातही आलं नव्हतं. त्यांच्या मनात आलं, आणि मग मला निम्मी लोणची आठवली, सोफियाच्या खोल्या आठवल्या, तो कांदा आठवला. नाळेतल्या पेशीला पाण्यातलं चिमूटभर कॅल्शियम कळतं. मला समोर बसलेलं माणूस दीड महिन्यात कळलं नाही.

त्यांचे हात हातात घेतले. थंडगार होते. आणि म्हटलं, “आधी जेवू.”

१२ जानेवारी

काराइवानोवांना फोन केला. सगळं सांगितलं, बादलीसकट.

त्या म्हणाल्या, “माझ्या तोंडी परीक्षेला आईने अख्खा जिना धुऊन काढला होता. परीक्षकच घसरले.” मग विचारलं, “पाण्यात कॅल्शियम किती होतं, मोजलंय?”

“हो.”

“आणि कड्या निम्म्या आवळल्या?”

“साधारण निम्म्या. प्रत्येक वेळी.”

“मग सतराला या आणि हेच सांगा. शोध नाही, हेच. जागेचं मी काही बोलत नाही. तिथे माझं एकटीचं मत नसतं.”

१७ जानेवारी, परतीच्या गाडीत

सांगितलं. पहिल्याच वाक्यात म्हटलं की मी पाठवलेलं चुकीचं होतं. पुढच्या रांगेतला एक दाढीवाला मोठ्याने हसला. कान तापले, पण बोलत राहिले. शेवटी त्यानेच विचारलं, मुद्दाम थेंबाथेंबाने कॅल्शियम वाढवत नेलं तर कड्या नेमक्या कुठे जाग्या होतात? आणि ज्या बायकांचा रक्तदाब चढतो त्यांच्या नाळांमध्ये त्या लवकर जाग्या होतात का? मी म्हटलं, माहीत नाही, पण आता तेच करायचंय. काराइवानोवा वहीत काहीतरी लिहीत होत्या, मान वर न करता.

निघताना बाहेर गाठून म्हणाल्या, “मागितली होती ती जागा मिळणार नाही. खालची आहे, एका वर्षाची. चालेल?” मी चालेल म्हणायच्या आधीच रडायला लागले. त्यांनी रुमाल दिला आणि घड्याळ बघितलं.

आज कोणाचे आभार? ऑग्न्यान, आज पाव गार होईल, यादी मोठी आहे.

२१ जानेवारी

आज सुईणींचा दिवस. दरवर्षी ह्या दिवशी आमचं घर भरून जातं. सासूबाईंनी ज्यांची बाळंतपणं केली त्या बायका येतात, साबण आणि टॉवेल घेऊन. त्यांच्या हातांवर पाणी ओततात, हात पुसतात, टॉवेल त्यांच्या खांद्यावर टाकतात. बरोबर ती जन्माला आणलेली बाळंही असतात, काहींना टक्कल पडलंय. मी दरवर्षी आत बानित्सा कापत उभी असते. मला मूल झालं नाही, मी पाणी ओतण्याचा प्रश्न नव्हता.

आज त्या सगळ्या गेल्यावर मी बादली घेतली, तीच तांब्याची.

“तू कशाला?” सासूबाई म्हणाल्या. “तुझं कुठलं बाळंतपण केलं मी?”

“इतक्या नाळा मिळवून दिल्यात मला. नाळेपुरती तरी मी बाळंतीण आहे. हात पुढे करा.”

त्यांनी केले. मी ओतलं, हळूहळू. मग म्हटलं, “आणि ऑग्न्यान गेला तेव्हा मला उठवून बसवलंत, भरवलंत, परत कामावर धाडलंत. तुमचं एकुलतं एक पोर गेलं होतं, तरी. त्याचे आभार मी कधी मानले नाहीत. आज मानते.”

त्या ओले हात तसेच धरून राहिल्या. पुसायचं मीही विसरले, पाणी कोपरांवरून खाली गेलं.

“आई, सोफियात दोन खोल्यांचं घर बघितलंय. लहान आहे. दुसरी खोली तुमची. बहिणीकडे जायचं असेल तर तिकडे जा, पण मला तुम्ही हव्या आहात.”

त्यांनी टॉवेल स्वतःच घेतला. एकेक बोट पुसलं, बाळाला हात लावायच्या आधी पुसत असतील तसं. मग विचारलं, “सोफियाच्या पाण्यात ते तुझं कॅल्शियम किती असतं?”

“अगदीच थोडं. फार मऊ पाणी आहे.”

“म्हणजे चहाला चव नाही.”

“नाही.”

त्या उठल्या. तळघरात गेल्याचा आवाज आला, मग काहीतरी खडखडलं, आणि त्या रिकामे कॅन घेऊन वर आल्या. नळाखाली धरून एकेक विसळायला लागल्या.

“हे दोन चहाला,” माझ्याकडे पाठ करूनच म्हणाल्या, “आणि हा उंबऱ्याला. तुझ्या डब्याला आता हात लावायची नाही मी.”